तीन भोकांची गॅस्केट

विमानाच्या कारखान्यात उभी हयात घालवलेला माणूस घरात फार त्रासदायक असतो, असं माझी बायको आल्यागेल्याला सांगते. खोटं नाही ते. गॅस बंद केलास का, असं मी विचारतो, ती हो म्हणते, आणि तरी मी उठून बघून येतो. तिचा अपमान करायचा म्हणून नाही. ओझरला मी जिथं नोकरी केली तिथं एकानं बोल्ट आवळला की दुसऱ्यानं तो तपासायचा आणि मगच शिक्का मारायचा, अशी शिस्त होती. आवळणारा कितीही जुना, कितीही हुशार असो, त्याच्या ‘झालंय’ या शब्दावर काम पुढे जात नसे. निवृत्त होताना शिक्का परत केला. सवय मात्र माझ्याबरोबर घरी आली.

गेल्या हिवाळ्यात आमची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. आठवा सरत आला होता आणि तिचं बीपी वाढायला लागलं होतं. शहरातल्या डॉक्टर मॅडमनी गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ बीपी मोजायला सांगितलं आणि मग खुर्ची जरा पुढे ओढून आम्हा नवरा-बायकोकडे बघत म्हणाल्या, “डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, तर उद्या बघू म्हणू नका. लगेच निघायचं. यात आईच्याही जिवाला धोका असतो आणि बाळाच्याही.” मी मान हलवली.

आमचं गाव ओझर आणि निफाडच्या मध्ये, हमरस्त्यापासून बरंच आत. बायको म्हणाली, “शहरात खोली घेऊन ऱ्हाऊ ना थोडे दिवस. लय जीव घाबरतो माझा.” मी म्हणालो, “दारात गाडी आहे ना.” गाडीही माझ्यासारखीच, जुनी, उंच, डिझेलवर चालणारी, सुरू होताना दोनदा खोकणारी. पण तिचा एकेक नटबोल्ट मला माहीत होता. लेकही म्हणाली, “पप्पांच्या गाडीनं जाऊ, मला घरीच बरं वाटतंय.” तो विषय तिथंच मिटला.

बीपीचं मशीन आणलं त्या संध्याकाळी मी चष्मा लावून लेकीसमोर बसलो. तिच्या दंडावरचा पट्टा फुगायला लागला आणि तिला हसू आवरेना. “पप्पा, तुम्ही असे डोळे वटारून बसलात तर माझं काय, मशीनचं पण बीपी वाढेल.” बायकोनं माझ्या दंडाला धरून मला बाहेर ओट्यावर नेऊन बसवलं. तेव्हापासून लेक आत मोजायची आणि आकडा ओरडून मला सांगायची. एकशेचौतीस-शहाऐंशी. एकशेअठ्ठावीस-ब्याऐंशी. बायकोला चष्म्याशिवाय ते आकडे दिसत नाहीत आणि चष्मा तिला कधी सापडत नाही. मी ओट्यावरून “बरं” म्हणायचो.

पुढची तपासणी करून परत येताना गाडी तापली. दहाव्या मैलाचा फाटा सोडून थोडं पुढे आलो होतो. थंडी अशी की काच खाली करवत नव्हती, आणि तापमानाचा काटा मात्र वर चढत लाल पट्ट्याला जाऊन टेकला. आरशात बघितलं तर मागे पांढरा धूर. गाडी कडेला घेतली. शेजारून ट्रक गेला की आमची गाडी हलायची आणि मागच्या सीटवर लेक पोटावर हात ठेवायची. “काही नाही, पाणी कमी झालं असेल,” असं मी म्हणालो. आज आम्ही घरी चाललो होतो. डोळ्यांपुढे चमकतंय म्हणून उलट्या दिशेनं निघालो असतो आणि इथं थांबलो असतो, तर काय केलं असतं मी? हा विचार एकदा डोक्यात शिरला तो बाहेर जाईचना.

धाकट्या भावाला फोन केला. तो पिकअप घेऊन आला, आमची गाडी दोरानं मागे बांधली आणि बायको-लेकीला पुढे बसवून घरी आणलं. पिकअप भाजीपाल्यासाठी बनवलेली, तिच्या स्प्रिंगच्या पाट्या कडक. गावच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला लेक आईचा खांदा घट्ट धरत होती, हे मला मागून आमच्या गाडीच्या काचेतून दिसत होतं. पिकअपमधून हिला न्यायचं नाही, हे मी तिथंच ठरवलं. अँब्युलन्सचा नंबर भिंतीवर लिहिलेला होता. पण शेजारच्या आजोबांसाठी बोलावली होती तेव्हा ती दुसरीकडे गेलेली होती, आणि आम्ही सगळे अंगणात रस्त्याकडे बघत उभे होतो. ते उभं राहणं मी विसरलेलो नव्हतो.

ओझरचा मिस्त्री दुसऱ्या दिवशी घरी आला. रेडिएटरमध्ये बुडबुडे, ऑइल दुधाच्या चहासारखं. दोघांनाही कळलं की हेड गॅस्केट गेली. ज्यांना गाडीचं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक, वरचं झाकण म्हणजे हेड, आणि दोघांच्या मधे दाबून बसवलेली पातळशी चकती म्हणजे गॅस्केट. जाळ, पाणी आणि तेल ही तिन्ही तिच्या आरपार जातात आणि ती त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. ती फाटली की इंजिन स्वतःच स्वतःला उकळून मारतं.

मिस्त्रीनं हेड खोललं. गॅस्केट दोन सिलिंडरच्या मधे जळून काळी पडली होती. पण मला त्याहून वेगळं काहीतरी दिसलं. तिच्या पोलादी कडेवर लालसर तकाकी होती. मिस्त्रीनं नखानं खरवडून बघितलं. “काका, हिला तांबं कुठून चढलं?”

मी गोठ्याच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथं निळा पडलेला प्लास्टिकचा कॅन उभा होता. आमच्याकडे द्राक्षवाल्याच्या घरात असा एकही कॅन नसतो जो कधी ना कधी मोरचूद भिजवून निळा झालेला नाही. छाटणीनंतर बागेवर औषध मारायच्या दिवसांत भाऊ माझी गाडी घेऊन गेला होता. मी त्याला हाक मारली.

“रेडिएटरमध्ये काय टाकलं होतंस?”

“पाणीच टाकलं, दादा. दुसरं काय टाकणार?”

“कशातून?”

त्यानं कॅनकडे बघितलं आणि मान खाली घातली. “धुतला व्हता मी त्यो.”

धुतला होता! माझ्या तोंडून जे निघालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मोरचूद लोखंडावर तांबं सोडतं आणि हेडचा धातू खात बसतं, महिनोन्‌महिने, गुपचूप. हेडच्या तळाला देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे पडले होते. मी भावाला म्हणालो, “तुझ्या धुतलाय या शब्दावर माझी पोर रस्त्यात मेली असती.” बायको दारातून ओरडली, “अहो, असलं अभद्र बोलू नका तिच्यासमोर!” लेक खिडकीत उभी होती. ती आत गेली.

त्या संध्याकाळी तिनं आतून आकडा सांगितला. एकशेतीस-ऐंशी.

हेड अंबडच्या वर्कशॉपमध्ये नेऊन तासून घेतलं. आता हेड तासलं म्हणजे ते पातळ झालं, खाली बसणार, आणि पिस्टन वर येईल तेव्हा त्याची आणि वाल्वची टक्कर व्हायची शक्यता. ती गेलेली जागा जाड गॅस्केटनं भरून काढायची असते. आमच्या इंजिनाच्या गॅस्केटच्या कडेला जाडी ओळखायला भोकं असतात. एक भोक म्हणजे पातळ, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे जाड. मला तीनची हवी होती. एवढं सोपं. पण मी घाबरलेलो होतो, आणि घाबरलेल्या माणसाला सोपं काही राहत नाही.

शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या पहिल्या दुकानदारानं थरांची पोलादी गॅस्केट पुढ्यात टाकली. “ही घ्या काका. गाडी भंगारात जाईल, पण ही नाय जाणार.” मला ती उचलून छातीशी धरावीशी वाटली. न जाणारी वस्तू! पण पोलादाला दोन्ही बाजू आरशासारख्या लागतात. हेड तासलं होतं, ब्लॉक मात्र गाडीतच होता, जुना, जरासा ओबडधोबड. पोलाद त्या खडबडीवर दबून बसत नाही, कुठंतरी फट सोडतं. मजबूत म्हणून घेतलेली वस्तू आधी दगा देईल हे मला कळत होतं, तरी मी ती दोनदा हातात घेतली आणि दोनदा खाली ठेवली. दुसऱ्या दुकानात मऊ थराची मिळाली, पण तिच्यावर ना भोक ना खूण, आणि नुसता सरसाचा वास. तिसऱ्या दुकानात सीलबंद खोकं, वर चकाकणारा हॉलोग्राम, आत बरोबर तीन भोकं. मी खिशातून मायक्रोमीटर काढला.

“हे काय आता?” दुकानदार म्हणाला.

“मोजतो.”

“काका, खोक्यावर लिहिलेलं आहे.”

“वाचलं मी.”

मोजलं तर तीन भोकांची गॅस्केट दोन भोकांच्या जाडीची निघाली. दुसऱ्या खोक्यातलीही तशीच. कुणीतरी भोकं पाडून मोकळा झाला होता. दुकानदार चिडला, मीही चिडलो, गिऱ्हाईकं बघायला लागली. परत येताना बसमध्ये मला घाम फुटला होता. मोजली नसती तर? खूण खरी मानून बसवली असती, आणि लेकीला घेऊन निघालो असतो, तर?

शेवटी एका जुन्या ओळखीच्या दुकानदारानं सांगितलं की पाहिजे तशी मऊ थराची, खऱ्या तीनची गॅस्केट तो मागवून देईल, पण थांबावं लागेल. मिस्त्रीला ते पटेना. तो गोठ्यात उघड्या इंजिनासमोर उभा राहून म्हणाला, “काका, दोनची टाकू ना. आपल्याकडं कोण मोजत बसतंय? संध्याकाळी गाडी चालू करून देतो. पोरगी अवघडलेली हाय घरात.”

“तिच्यासाठीच थांबतोय मी,” मी म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो असेन, भीतीनं माझा आवाज चढतो. “घाईत टाकलेली गॅस्केट भर रस्त्यात मारते. मला घाई नाही.”

खिडकी उघडीच होती.

मग वाट बघणं सुरू झालं. निफाडची थंडी तुम्हाला माहीत असेल. भाऊ पहाटे बागेत शेकोट्या पेटवत होता, घड गारठू नयेत म्हणून, आणि धूर घरापर्यंत यायचा. मी सकाळी उठलो की आधी गोठ्यात जाऊन त्या उघड्या ब्लॉकवरचं फडकं उचलून बघायचो, सगळं जागेवर आहे ना. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. चार भोकं आणि त्यांत बसलेले चार पिस्टन. तरी मी दिवसातून कितीतरी वेळा बघत होतो. लेक दुपारी फार झोपायला लागली होती. बायको म्हणाली, “नववा लागला, असंच असतं.” संध्याकाळी आतून आवाज यायचा, “एकशेतीस-ऐंशी, पप्पा.” मी हातातलं फडकं न सोडता म्हणायचो, “छान.” आणि खरंच बरं वाटायचं. सगळं जग बिघडलेलं असताना एवढी एक गोष्ट तरी जाग्यावर होती.

गॅस्केट आली. मी मोजली. मिस्त्रीकडून मोजून घेतली. तीन ती तीनच होती. मग मिस्त्रीनं बोल्ट आवळले, मधून कडेकडे, थोडे थोडे करत, आणि प्रत्येक फेरीनंतर पाना मी हातात घेऊन तपासले. तो कंटाळला, पण काही बोलला नाही. इंजिन सुरू केलं, गरम होऊ दिलं, थंड होऊ दिलं, पुन्हा बोल्ट बघितले. दुपारी एकटाच ओझरपर्यंत जाऊन आलो. काटा मध्यावर चढला आणि तिथंच चिकटून राहिला. अंगणात गाडी लावून मी मोठ्यानं म्हणालो, “झाली गाडी!” कितीतरी दिवसांनी मी नीट श्वास घेतला असेन. बायको देवापुढे साखर ठेवायला आत गेली.

ती बाहेर यायच्या आत लेक ओट्यावर आली. भिंतीला धरून उभी होती. चेहरा सुजलेला. “पप्पा,” ती म्हणाली, “डोकं दुखतंय. चमकतंय डोळ्यांपुढे.”

मी देवाचे आभार मानले. हे लिहायला हात धजत नाही, पण मानले. बघा, म्हटलं, गाडी तयार झाली आणि आत्ताच दुखायला लागलं. एक दिवस आधी दुखलं असतं तर काय झालं असतं!

निघालो. मी काट्यावरची नजर रस्त्यापुरतीच काढत होतो. बायको मागे लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. हमरस्त्याला लागलो तेव्हा मागून बारीक आवाज आला, “पप्पा, काटा कुठंय?”

“मध्यावर आहे.”

दहाव्या मैलाला पुन्हा, “काटा?”

“मध्यावर. हलला पण नाही.”

मला वाटलं, पोरगी मला चिडवतेय, म्हणजे तेवढी बरी आहे. आडगाव गेलं, तेव्हा तिनं परत विचारलं. आवाज जड झाला होता, शब्द लोळत होते. मी आरशातून तिच्याकडे बघितलं नाही. काट्याकडे बघून सांगितलं, “मध्यावर, बाळा. निवांत पड.”

हॉस्पिटलमध्ये तिला स्ट्रेचरवर घेतलं. मॅडम धावत आल्या, पट्टा बांधला, आकडा बघितला आणि त्यांचा चेहराच बदलला. नर्सला भराभर काहीतरी सांगून त्या लेकीवर वाकल्या. “डोकं कधीपासून दुखतंय?”

लेकीनं माझ्याकडे बघितलं. मग डोळे मिटून म्हणाली, “हेड खोललं त्या दिवसापासून.”

“काय खोललं?” मॅडमनी विचारलं.

“गाडीचं,” मी म्हणालो. मॅडम म्हणाल्या, “घरी बीपी मोजत होतात ना? किती यायचं?”

“एकशेसाठ,” लेक म्हणाली. “नंतर त्याच्या पण वर.”

“आणि तुम्ही सांगितलं नाही कुणाला?”

“गाडी उघडी होती.”

तिला आत नेलं. दार बंद झालं. मी बाकावर बसलो. एकशेतीस-ऐंशी. रोज एकशेतीस-ऐंशी. कारखान्यात नवीन पोरं यायची तेव्हा मीच त्यांना शिकवायचो, की ज्याचं रीडिंग रोज सारखं येतं तो मोजत नसतो, मनानं सांगत असतो. जिवंत वस्तूचा आकडा थोडा तरी हलतो. कितीतरी जणांना मी त्यावरून पकडलं होतं. दुकानदाराच्या खोक्यावर माझा विश्वास नव्हता, भावाच्या कॅनवर नव्हता, मिस्त्रीच्या हातावर नव्हता. आणि ओट्यावर बसून मी छान म्हणत होतो.

बायको शेजारी बसली होती. मला वाटलं ती आता मला बोलेल, बोलायलाच हवं होतं तिनं. तिनं नुसता माझा हात धरला. तिचा हात बर्फासारखा गार होता. “काय व्हईल हो?” ती म्हणाली. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तपासायला हातात काहीही नव्हतं.

पोट उघडून बाळ काढलं. मुलगी झाली. जेमतेम दोन्ही तळहातांवर मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवली. लेकीला त्या रात्री आणि पुढेही कितीतरी वेळ आत कुणाला भेटू देत नव्हते. झटके येऊ नयेत म्हणून सुईतून औषध चालू होतं. मॅडम एवढंच म्हणाल्या, “वेळेत आणलंत म्हणवत नाही. पण आणलंत.”

दोघी वाचल्या. हे आधीच सांगायला हवं होतं का? मला तेव्हा कुणी आधी सांगितलं नव्हतं.

भेटू दिलं तेव्हा मी तिला ओरडायचं ठरवून गेलो होतो. ती उशीवर इतकी बारीक दिसत होती की ओरडायचं राहून गेलं. “का गं असं केलंस?” एवढंच विचारलं.

“सांगितलं असतं तर तुम्ही दोनचीच टाकली असती, पप्पा,” ती म्हणाली. “मला माहीत होतं ना. घाबरून मिळेल ती टाकली असती. आणि मग रस्त्यात ती गेली असती तर?” तिनं मान माझ्याकडे वळवली. “रस्त्यात बंद पडायची फार भीती वाटत होती मला. तुमच्यासारखंच झालंय माझं.”

रस्ताभर ती मला काटा विचारत होती आणि मी तिला दर वेळी खरा आकडा सांगत होतो.

आता त्या दोघी घरी आहेत. भावानं गोठ्यातला कॅन फोडून टाकला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गाडी नीट चालते, गॅस्केटच्या कडेला तेलाचा टिपूससुद्धा नाही. लेकीचं बीपी अजून मोजायला सांगितलंय आणि मला आता ओट्यावर कुणी घालवत नाही. मी पट्टा बांधतो, आकडा वाचतो, मग मशीन तिच्याकडे फिरवतो आणि ती वाचते. बाळ शेजारी मुठी आवळून झोपलेलं असतं.

काल संध्याकाळी मशीननं एकशेतीस-ऐंशी दाखवलं. मी पट्टा सोडला, पुन्हा बांधला आणि पुन्हा मोजायला लावलं. लेक हात तसाच पुढे धरून बसली.